कॅन्सर गेला, पण दम लागतो : बऱ्या झालेल्या लेकरांच्या फुप्फुसांकडे कोण पाहणार?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले की, येत्या ३ वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभी राहतील आणि त्यांतील २०० त्याच आर्थिक वर्षात सुरू होतील. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील रुग्णाला किमोच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबई-नागपूरची गाडी पकडावी लागू नये, हा या घोषणेमागचा हेतू आहे. आम्ही तिचे स्वागत करतो. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर आठवडे काढलेल्या आई-बापांना या घोषणेची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

पण या घोषणेवर जी चर्चा झाली तीत एक प्रश्न आलाच नाही. उपचार संपल्यावर काय? विशेषतः जे मूल सहाव्या, दहाव्या किंवा चौदाव्या वर्षी कॅन्सरमधून बरे होते, त्याच्यापुढे अजून ५०-६० वर्षांचे आयुष्य असते. त्या आयुष्यात त्याची फुप्फुसे त्याला किती साथ देतील, हे कोण तपासणार? कुठे तपासणार? आणि त्याचा खर्च कोण उचलणार? कष्टाची कामे करणाऱ्या, धुराच्या आणि धुळीच्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या समाजासाठी हे प्रश्न रोजच्या जगण्याचे आहेत.

बरे होण्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. भारतात हा आकडा वर्षाला ५० ते ७५ हजारांच्या घरात धरला जातो. श्रीमंत देशांत यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी खास उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगातील किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले.

याचा सरळ अर्थ असा की, येत्या काळात आपल्या गावांत, वस्त्यांत, शाळा-कॉलेजांत बालपणी कॅन्सर झालेले आणि बरे झालेले तरुण-तरुणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने दिसतील. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अमेरिकन बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. ज्युलिओ डी'अँजिओ यांनी १९७५ सालीच आपल्या सहकाऱ्यांना बजावले होते की, मुलाला नुसते बरे करून भागणार नाही. त्या मुलाचे पुढचे आयुष्य कसे जाते याचीही जबाबदारी घ्यावी लागेल. त्याला ५० वर्षे झाली. आपल्याकडे मात्र शेवटची किमो झाली की पेढे वाटले जातात, फाईल ट्रंकेत जाते आणि पुढे कोणी काही विचारत नाही.

फुप्फुसांना नेमके होते काय?

कॅन्सर मारणारे औषध शरीरातील निरोगी पेशींनाही इजा करते. केस गळतात, तोंड येते, रक्त कमी होते. हे सगळ्यांना दिसते आणि बहुतेक वेळा भरूनही येते. फुप्फुसांची इजा मात्र बाहेरून दिसत नाही आणि काही वेळा अनेक वर्षे गप्प राहते.

प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. हवेतील ऑक्सिजन रक्तात उतरतो तो या बारीक फुग्यांच्या पातळ पडद्यातून. जन्माला आलेल्या बाळात यांतले थोडेच तयार असतात. बाकीचे बालपणात तयार होतात. छातीचा पिंजरा, बरगड्या आणि पाठीचा कणाही याच काळात वाढतो. त्यामुळे वाढत्या वयात फुप्फुसांवर झालेला घाव दुहेरी असतो. जे तयार झाले आहे त्याला इजा होते आणि जे तयार व्हायचे आहे तेही खुंटते.

हा घाव प्रामुख्याने चार वाटांनी होतो.

पहिली वाट औषधांची. ब्लिओमायसिन हे औषध हॉजकिन लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये आणि जननपेशींच्या गाठींमध्ये अनेक वर्षे वापरले जात आहे. ते प्रभावी आहे, पण फुप्फुसांत व्रण धरण्याची, म्हणजे फायब्रोसिसची, जोखीम त्याच्यासोबत येते आणि एकूण मात्रा वाढेल तशी ही जोखीम वाढते. कार्मुस्टिन, लोमुस्टिन आणि बुसल्फान ही औषधेही याच यादीत येतात. मेंदूच्या गाठींमध्ये आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या तयारीत ती वापरली जातात.

दुसरी वाट रेडिएशनची, ज्याला आपले लोक 'शेक' म्हणतात. मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर किंवा हाडाचा युइंग सार्कोमा फुप्फुसांत पसरला असेल तर दोन्ही फुप्फुसांना शेक द्यावा लागू शकतो. हॉजकिनमध्ये छातीच्या मधल्या भागाला दिला जातो. मेंदूच्या काही गाठींमध्ये पूर्ण कण्याला देतात. प्रत्यारोपणापूर्वी काही मुलांच्या संपूर्ण शरीराला दिला जातो. शेकानंतरच्या काही आठवड्यांत ते महिन्यांत फुप्फुसांना सूज येऊ शकते आणि पुढे व्रण राहू शकतो. त्याशिवाय छातीची हाडे आणि स्नायू नीट वाढले नाहीत, तर फुप्फुस चांगले असूनही त्याला फुगायला जागाच मिळत नाही.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. हाडाच्या कॅन्सरमध्ये फुप्फुसांत उतरलेल्या गाठी कापून काढाव्या लागतात, कधी बरगडी काढावी लागते. वाढत्या वयात अशा शस्त्रक्रियेनंतर कणा एका बाजूला वाकण्याचा धोका असतो.

चौथी वाट अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची. दुसऱ्याच्या पेशी शरीरात आल्यावर त्या पेशी रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करू शकतात. हा हल्ला फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांवर झाला, तर त्या आतून अरुंद होत जातात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. बालपणी कॅन्सर झालेल्या प्रत्येकाची फुप्फुसे खराब होतात, असे अजिबात नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा कॅन्सर. छातीला शेक आणि प्रत्यारोपण यांशिवाय बरे झालेल्या अशा बहुतेक मुलांना फुप्फुसांचा मोठा धोका नसतो. म्हणून घाबरून जाण्यापेक्षा आपल्या मुलाला नेमके कोणते औषध किती दिले गेले आणि शेक कुठे दिला गेला, हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

जुन्या रुग्णांनी शिकवलेले धडे

उशिरा दिसणाऱ्या या दुखण्याचा सर्वांत कठोर धडा ब्रिटनमधून आला. १९७०च्या दशकात तिथे मेंदूच्या गाठी असलेल्या काही मुलांना कार्मुस्टिन देण्यात आले होते. गाठीतून वाचलेल्या १७ जणांचा पुढे पाठपुरावा केला गेला. त्यांच्यापैकी ६ जण फुप्फुसांच्या फायब्रोसिसने गेले. उरलेल्यांपैकी ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातही, उपचाराला १७ वर्षांपर्यंतचा काळ लोटला असताना, फुप्फुसांत व्रण सापडले. १९९० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा डॉक्टरांना कळून चुकले की, पाच वर्षे काही झाले नाही म्हणजे धोका टळला, असे या बाबतीत म्हणता येत नाही.

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९९४ पासून बालकर्करोगातून वाचलेल्या हजारो व्यक्तींचा एक मोठा पाठपुरावा सुरू केला. त्यातील १४ हजारांहून अधिक जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली गेली. वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत फुप्फुसांची कोणती ना कोणती तक्रार २९.६ टक्के बचावलेल्यांमध्ये, तर २६.५ टक्के भावंडांमध्ये नोंदली गेली. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो, पण इथेच नीट पाहायला हवे. जुनाट खोकला, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, फायब्रोसिस, बाहेरून ऑक्सिजन लागणे अशा गंभीर तक्रारी बचावलेल्यांमध्ये जास्त होत्या. फुप्फुसांच्या कारणाने मृत्यू होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळपास सहापट होते.

आणखी एक आकडा पाहू. अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून प्रत्यक्ष तपासले. फुप्फुसांना धोका पोहोचवणारे उपचार ज्यांना मिळाले होते, त्यांच्यापैकी सुमारे ६५ टक्के जणांच्या तपासणीत काहीतरी बिघाड निघाला. पहिल्या अभ्यासात लोकांना विचारले होते, दुसऱ्यात यंत्राने मोजले. विचारल्यावर कळते त्यापेक्षा मोजल्यावर कितीतरी जास्त सापडते, हा या दोन आकड्यांमधला बोध आहे.

असे का होते? कारण फुप्फुसांची ताकद म्हणजे गाठीला बांधलेली पुंजी असते. माणूस २०-२५ वर्षांचा होईपर्यंत ती वाढते आणि त्यानंतर प्रत्येकाची हळूहळू घटत जाते. ज्याच्या गाठीला भरपूर आहे त्याला ही घट साठीपर्यंत जाणवत नाही. ज्याची पुंजी बालपणीच अर्धवट जमली, त्याची तिशी-पस्तिशीतच ओढाताण सुरू होते. तोवर तो जिने चढतो, क्रिकेट खेळतो, कामाला जातो. त्याला आणि घरच्यांना वाटते सगळे ठीक आहे.

आपल्या वस्तीत हा धोका वेगळा का ठरतो?

वरचे सगळे अभ्यास अमेरिका-युरोपातले आहेत. तिथला बचावलेला तरुण आणि आपल्याकडचा तरुण यांच्या फुप्फुसांवर एकच औषध गेले असेल, पण दोघे घेतात ती हवा एक नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहतात. यांतले अनेक जण कुठे राहतात ते पाहा. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, जिथे देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे आणि २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. विदर्भात चंद्रपूरला, जिथे कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच चंद्रपूरच्या हवेत आज आपली पोरे श्वास घेतात. खेड्यांत २०१६ ची उज्ज्वला योजना आली, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

कामाचेही तेच. बांधकाम, दगडखाण, वीटभट्टी, सफाई, कचरावेचणी, सूतगिरणी या सगळ्या कामांत धूळ, धूर किंवा तंतू नाकातोंडात जातात. निरोगी फुप्फुसालाही हे झेपत नाही. ज्याने बारा वर्षांचा असताना ब्लिओमायसिन घेतले आणि छातीला शेक घेतला, त्याने बाविसाव्या वर्षी टाइल्स कापण्याच्या कामाला लागावे का, हे त्याला कोणी सांगितलेले असते? बहुतेक वेळा नाही. कारण ज्या डॉक्टरांना औषध माहीत आहे त्यांना तो काय काम करतो हे माहीत नाही, आणि ज्या ठेकेदाराला काम माहीत आहे त्याला औषध माहीत नाही.

पोलीस भरतीचेही उदाहरण घ्या. आपल्या समाजातील हजारो मुले-मुली पहाटे मैदानावर धावतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत पार करायचे असते. बालपणी कॅन्सर झालेला मुलगाही त्यांत असू शकतो आणि असलाच पाहिजे. पण त्याला इतरांच्या आधी दम लागला तर प्रशिक्षक म्हणतो, सराव कमी पडतोय. भरतीची तयारी सुरू करण्याआधी एकदा फुप्फुसांची आणि हृदयाची तपासणी झाली, तर त्याला कळेल की किती धावणे त्याला झेपेल आणि सुरक्षित राहील. कदाचित कळेल की काहीच अडचण नाही. हृदयाची अशासाठी की, डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधे हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतात आणि लक्षण तेच असते, दम लागणे.

तिसरा धोका चुकीच्या निदानाचा. खोकला, वजन कमी होणे, एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग म्हटले की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो. तो घ्यायलाही हवा, कारण टीबी खरोखरच जास्त आहे. पण रुग्णाने लहानपणीच्या कॅन्सरबद्दल सांगितलेच नाही, तर जुन्या उपचाराचा व्रण टीबी समजला जाऊ शकतो किंवा दमा समजून वर्षानुवर्षे पंप चालू राहू शकतो. उलटही होऊ शकते. खरा टीबी जुना व्रण म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. थुंकीची तपासणी आणि जुना इतिहास दोन्ही डॉक्टरांसमोर असेल तरच निदान बरोबर होईल.

व्यवस्था कुठे आहे आणि कुठे नाही

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठीचे खास क्लिनिक १९९१ पासून चालते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने बालकर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट काम करतो. देशभरातील बालकर्करोगतज्ज्ञ एकत्र येऊन बचावलेल्या मुलांची नोंद ठेवण्याचा अभ्यास करत आहेत. उपचारही बदलत आहेत. हॉजकिनमध्ये ब्लिओमायसिन वगळून दिले जाणारे औषधांचे संच आज वापरात आहेत आणि सुरुवातीच्या किमोला चांगला प्रतिसाद मिळाला तर अनेक मुलांचा शेक टाळता येतो.

अडचण आहे ती मोठ्या केंद्राबाहेर. परळच्या क्लिनिकमध्ये दरवर्षी यायचे म्हणजे उदगीरच्या किंवा देसाईगंजच्या बापाने दोन-तीन दिवसांची मजुरी सोडायची, गाडीभाडे काढायचे आणि राहायची सोय बघायची. उपचार चालू असताना तो हे सगळे करतो, कारण लेकराचा जीव टांगणीला असतो. लेकरू हसते-खेळते झाल्यावर, नुसते तपासून घ्यायला म्हणून हा खर्च करणे त्याला परवडत नाही. यात त्याचा निष्काळजीपणा शोधू नये.

सरकारी योजनांचा साचाही इथे अपुरा पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचा आणि ती सर्वांना लागू करण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. आयुष्मान भारतमध्येही कुटुंबाला ५ लाखांचे संरक्षण आहे. पण या योजना मुळात रुग्णालयात दाखल होणे आणि ठरलेली उपचार-पॅकेजे यांभोवती बांधल्या आहेत. बरे होऊन पंधरा वर्षे झालेल्या तरुणाने बाह्यरुग्ण विभागात जाऊन श्वासाची तपासणी करून घ्यावी, अशा गरजेला त्या साच्यात जागा मिळत नाही.

वयाच्या बाबतीतही तो फटीत पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तपासणी होते ती तिशीनंतर, आणि तीही मधुमेह, रक्तदाब, तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी. १८ ते ३० या वयात, म्हणजे नोकरी शोधण्याच्या आणि संसार मांडण्याच्या वयात, बचावलेल्या तरुणाची कुठल्याच यादीत नोंद नसते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. फुप्फुसांच्या जुनाट विकाराने कायमचा दम लागणे हा प्रकार त्यांत नाही. म्हणजे ज्याला दोन मजले चढता येत नाहीत, त्याच्या हाती कोणतेही प्रमाणपत्र नाही.

सिकलसेलचे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. विदर्भातील आपल्या समाजाने हा आजार घराघरांत पाहिला आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे रुग्णांना संघटित करत राहिले, सरकारदरबारी खेटे घालत राहिले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सिकलसेल दिव्यांग कायद्यात आला, २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रुग्ण आणि त्यांची कुटुंबे संघटित होऊन बोलली नसती, तर हा आजार सरकारच्या कागदावर इतका ठळक झाला नसता. बालकर्करोगातून वाचलेल्यांची संख्या विखुरलेली आहे, म्हणून त्यांचा आवाज क्षीण आहे.

लपवण्याची किंमत

यात समाजाचाही वाटा आहे. वधू-वर मेळाव्यात किती बायोडाटांवर लहानपणच्या कॅन्सरचा उल्लेख असतो? विशेषतः मुलीच्या बाबतीत आई-वडील जुनी फाईल अक्षरशः फाडून टाकतात, म्हणजे सासरच्या हाती लागणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. पण फाईल गेली की औषधाचे नाव, मात्रा, शेकाची जागा सगळे जाते. पुढे बाळंतपणात किंवा एखाद्या शस्त्रक्रियेत भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला कळणारच नाही की हिने ब्लिओमायसिन घेतले होते. अशा रुग्णांना भुलेच्या वेळी जास्त प्रमाणात ऑक्सिजन दिल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते, अशी नोंद १९७०च्या दशकापासून आहे. धोका नेमका किती काळ राहतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण भूलतज्ज्ञाला ही माहिती आधी हवी, यावर दुमत नाही. छातीला शेक घेतलेल्या मुलींना स्तनाच्या कॅन्सरची तपासणीही इतर स्त्रियांपेक्षा बरीच आधी, साधारण पंचविशीपासून, सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. फाईलच नसेल तर हा सल्ला तिच्यापर्यंत कसा पोहोचणार?

कॅन्सर हा स्पर्शाने पसरत नाही आणि तो मागच्या जन्मीच्या कर्माचे फळही नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तरी सोयरीक जुळवताना बऱ्या झालेल्या मुलीला 'डागी' ठरवू नये.

आमच्या मागण्या

जिल्हा डे-केअर कॅन्सर केंद्रे उभी राहत आहेत, तेव्हाच पुढील गोष्टी त्यांत बसवाव्यात. नंतर जोडायला गेले तर पुन्हा वीस वर्षे जातील.

१. उपचार संपताच प्रत्येक मुलाच्या पालकांना मराठीत एक पानी उपचार-सारांश द्यावा. त्यात औषधांची नावे, एकूण मात्रा, शेकाची जागा व मात्रा, शस्त्रक्रिया आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक असावे. हा सारांश आयुष्मान भारत आरोग्य खात्यालाही जोडावा, म्हणजे झोपडी जळाली किंवा पुरात गेली तरी नोंद राहील.

२. प्रत्येक जिल्हा केंद्रात आठवड्यातून किंवा महिन्यातून एक दिवस बचावलेल्यांसाठी राखावा. फुप्फुसांना जोखीम असलेल्या उपचारांनंतर श्वासाची एक पायाभूत तपासणी व्हावी आणि गरजेनुसार ती पुन्हा व्हावी. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची तपासणी जिल्हा पातळीवर सहज शक्य आहे. वायू रक्तात किती उतरतो ते मोजणारी पुढची तपासणी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून करावी.

३. या तपासण्या आणि त्यासाठीचा प्रवास खर्च जन आरोग्य योजनेत समाविष्ट करावा.

४. फ्लूची लस सरकारी लसीकरणात नाही आणि न्यूमोकोकलची लस आहे ती फक्त तान्ह्या बाळांसाठी. फुप्फुसे कमजोर असलेल्या बचावलेल्यांना या दोन्ही लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने मोफत मिळाव्यात.

५. दिव्यांग कायद्याच्या यादीत फुप्फुसांच्या कायमस्वरूपी विकाराचा विचार व्हावा.

या मागण्या दान म्हणून नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सोपवण्यात आला. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी माणसाची काळजी घेणे ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे असा आला आहे. स्वतः बाबासाहेब आणि माता रमाईंनी चार लेकरे गमावली होती. लेकराच्या आजारापुढे गरिबी किती हतबल करते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

विहारात आणि घरात काय करता येईल

सरकार करेल तेव्हा करेल. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

१४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आपण गावोगावी आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब, साखर, डोळे तपासतो. त्याच नोंदणीच्या टेबलावर एक प्रश्न वाढवावा : लहानपणी कॅन्सरचा उपचार झाला आहे का? ज्यांचे उत्तर हो येईल त्यांची नावे चारचौघांत न घेता, त्यांना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागात पाठवावे. फाईल हरवली असेल तर ज्या रुग्णालयात उपचार झाला तिथल्या नोंदणी विभागाला नोंदणी क्रमांक, नाव आणि वर्ष देऊन अर्ज करता येतो. असा अर्ज लिहून देणे हे कोणत्याही शिकलेल्या कार्यकर्त्याला जमण्यासारखे काम आहे.

लहान, बंद विहारात वंदनेच्या वेळी पंधरा-वीस जण एकाच वेळी अगरबत्त्या लावतात. तो धूर धूरच असतो. एक अगरबत्ती पुरे, किंवा नुसती फुले वाहावीत. श्रद्धा कमी होत नाही. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने बाहेर जावे असे नव्हे, तर ती सोडावी. छातीला शेक घेतलेल्या व्यक्तीने स्वतः धूम्रपान केले, तर फुप्फुसांच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. यात कोणतीही सवलत नाही.

आनापानाबद्दलही स्पष्ट बोलू. आम्ही साधनेचा आदर करतो. तथागतांनी शिकवलेले आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या स्वाभाविक श्वासाकडे लक्ष ठेवणे. त्याने मन स्थिर होते, आजाराची भीती हाताळता येते. पण त्याने फुप्फुसातला व्रण भरत नाही. 'दहा दिवसांच्या शिबिराला बस, दम लागणे थांबेल' असा सल्ला देऊन कोणाची तपासणी लांबवू नये. दम वाढला, खोकला आठ-पंधरा दिवसांत गेला नाही, छातीत दुखू लागले किंवा वारंवार न्यूमोनिया झाला, तर डॉक्टरांकडे जावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की, लहानपणी कॅन्सरचा उपचार झाला होता.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. मग संघाला बोलावून विचारले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? बालपणी कॅन्सरशी झुंजून आलेली आपली मुले अंथरुणाला खिळलेली नाहीत. ती चालती-फिरती आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रत्येक जिल्ह्यातील संघटनांनी आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देऊन एकच विचारावे : तुमच्या डे-केअर केंद्रात बऱ्या झालेल्या मुलांसाठी कोणता वार ठेवला आहे? उत्तर लेखी मागावे. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. कोणत्या जिल्ह्याने वार ठरवला आणि कोणत्या जिल्ह्याने टाळले, ते आम्ही नावानिशी प्रसिद्ध करू.

जय भीम, नमो बुद्धाय.